दोन्ही आमदारच, पण एक विधानसभेचा आणि एक विधान परिषदेचा

गावात ‘आमदार साहेब आलेत’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कोणत्या सभागृहाचे? गाडीवरची पाटी तीच, पगार-पेन्शन सारखं, विकास निधी दोघांनाही. गल्लत होणारच. पण या दोघांना निवडून देणारी माणसं वेगळी असतात, आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

विधानसभेचं सरळ आहे. राज्यात २८८ जागा, त्यातल्या ४६ मराठवाड्यातल्या. मतदार तुम्ही-आम्ही, मुदत पाच वर्षं, उमेदवाराचं वय किमान २५. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख पंचायत समितीतून वर येत १९८० ला लातूरचे आमदार झाले, ते याच वाटेनं. गोपीनाथराव मुंडे १९७८ ला रेणापुरात पडले आणि १९८० ला तिथूनच निवडून आले.

विधान परिषदेत ७८ जणं. वय किमान ३०, मुदत सहा वर्षं. हे सभागृह कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, १२ राज्यपाल नेमतात. २२ जण स्थानिक संस्थांमधून येतात. तिथं जिल्हा परिषद सदस्य आणि नगरसेवक मत देतात, सरपंचाला मत नाही. गावोगावच्या सरपंचांना हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. उरलेल्यांत सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे. शिक्षक म्हणजे माध्यमिक शाळेपासून वरचे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी त्यात येत नाहीत.

एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही सभागृहं येतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. परळीचंच बघा. धनंजय मुंडे २०१४ पासून परिषदेत विरोधी पक्षनेते होते, २०१९ ला ते परळीतून विधानसभेवर गेले. त्यांनी हरवलेल्या पंकजाताई मुंडे २०२४ च्या जुलैत आमदारांच्या मतांवर परिषदेत आल्या. पडलेल्या नेत्याला मागच्या दारानं आत घेतलं, असं लोक बोलतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्या दारातही मतं मोजून मिळवावी लागतात. १९९५ ला लातुरात हरलेले विलासराव पुढं परिषदेच्या निवडणुकीत पसंतीक्रमाच्या मोजणीत अर्ध्या मतानं हुकले होते.

अधिकारात मात्र विधानसभा वरचढ. सरकारवरचा अविश्वास ठराव तिथंच येतो, आणि धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, परिषद १४ दिवसांपलीकडं अडवू शकत नाही. मंत्री, अगदी मुख्यमंत्रीही, कोणत्याही सभागृहाचा चालतो.

शेवटचं, पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्यांसाठी. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्यानं बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही, नमुना १८ हा नाव नोंदणीचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. आपल्या औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव आहे का, ते तहसीलला जाऊन बघून घ्या.