आधी टाइल्स मोजा, मग मासे

मासे बघायला आम्ही नेतो त्या मुलांचा समुद्र सुरू होतो तो बडोद्याच्या तरणतलावात. मास्क चढवायचा, स्नॉर्केलची, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी दातांत धरायची, पालथं तरंगायचं आणि हातपाय न हलवता दहा मिनिटं तळाच्या टाइल्स मोजायच्या. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी डोकं वर काढतंच. ‘‘ताई, पण यात मासे कुठे आहेत?’’

मासे मालवणला. पण त्याआधी डोळ्यांची समजूत काढावी लागते. पाण्यातून मास्कमधल्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे चार फुटांवरची टाइल तीन फुटांवर आल्यासारखी, मोठी दिसते. मुलं तिला हात लावायला जातात आणि हात तोकडा पडतो. मग ठरलेला प्रश्न : नळी लांब केली तर खोल जाता येईल ना? नाही येणार. एक मीटर खाली छातीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० ग्रॅम जादा दाब असतो, आणि फुप्फुसातली हवा मात्र वरच्या हवेला जोडलेली. छाती फुगवता फुगवताच दम लागतो. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा परत आत येते.

बडोद्याला समुद्र नाही, असं मात्र म्हणू नका. कच्छच्या आखाताच्या तोंडावरचं, द्वारकेच्या बाजूचं ओखामंडल बडोदे संस्थानातच होतं. सयाजीरावांच्या सरकारसाठी जेम्स हॉर्नेल या ब्रिटिश सागरी प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या सागरी प्राण्यांवर अहवाल लिहिला. त्याचा पहिला भाग १९०९चा. पण कच्छच्या आखातात गाळ फार. तिथली प्रवाळं ओहोटीला पायी फिरून पाहावीत. तरंगत पाहायचं तर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे खडक बरे.

तिथे पहिल्यांदा भेटतात पाच काळ्या पट्ट्यांचे, पाठीवर पिवळसर सार्जंट मासे. बोटीवरून पावाचा तुकडा पडला की शेकड्यांनी गोळा होतात. पर्यटक खूश, फोटो झकास. मला तो प्रकार अजिबात आवडत नाही. पावावर तुटून पडणारा मासा एरवी काय करतो, हे त्यातून काहीच कळत नाही.

पाव न टाकता, पाय न मारता, खडकापासून दोन हात दूर नुसतं तरंगत राहिलं, तर काही मिनिटांत लपलेले मासे आपापल्या कामाला लागतात. गेल्या खेपेला आठवीतल्या एका मुलीला खडकावर तळहाताएवढा जांभळट डाग दिसला. तिला वाटलं, शेवाळ. ती जवळ सरकली तसा एक निळसर पडलेला सार्जंट तिच्या मास्कवर धावून आला. तो नर होता आणि डाग म्हणजे खडकाला चिकटवलेली अंडी. मादी अंडी घालून निघून जाते. राखण बाप करतो. पंखांनी पाणी खेळतं ठेवतो, अंडी खायला टपलेल्यांना हाकलतो. त्या काळात त्याचा रंगही निळसर होतो.

ती हातभर मागे सरली. तोही मागे फिरला. ती पुन्हा पुढे, तो पुन्हा अंगावर. बोटीवर आल्यावर तिने ओल्या हाताने प्लास्टिकच्या पाटीवर लिहिलं : ‘बाबा. ४ वेळा.’