इंदूरची सफाई: दिवाळीच्या मिरवणुकीपासून ओल्या-सुक्या डब्यापर्यंत

शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी लावणाऱ्या केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात 2016 मध्ये इंदूर पंचविसावं होतं, 2017 मध्ये ते पहिलं आलं आणि मग वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. या यशाची चर्चा निघाली की गाड्या, रस्ते झाडणारी यंत्रं आणि ओल्या कचऱ्यापासून इंधन-वायू बनवणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प यांच्याबद्दलच बोललं जातं. माझ्या मते खरं श्रेय कामाच्या बांधणीला आणि सफाई कामगारांना मिळालेल्या शिक्षणाला आहे. त्याची मुळं शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते आणि शहर प्लेग व मलेरियाने हैराण झालं होतं. दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. 1917 च्या दिवाळीत त्यांनी एका दिवसापुरता कारभार स्वतःकडे मागून घेतला आणि जाहीर केलं, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या वस्तीत सर्वांत जास्त घरं साफसूफ आणि दुरुस्त झालेली असतील, तिथून जाईल. मग काय, गल्लोगल्ली चढाओढ लागली. वर्षानुवर्षं साठलेली अडगळ गाड्या भरभरून बाहेर निघाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि शेवटी दोघांचंही दहन झालं. लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे मिरवणुकीत मानाने चालणारे झाडूवाले. अंगावर स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला नवे फेटे, झाडूंना हार, नव्याने रंगवलेल्या कचऱ्याच्या गाड्या. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांना शहराने आपल्या सणात सामील करून घेतलं. घरमालक, दरबार आणि झाडूवाला हे एकाच कामाचे वाटेकरी आहेत, हे गेडिस यांनी सर्वांना डोळ्यांनी दाखवलं. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत निघाला.

दुसरा धागा खताचा. 1924 मध्ये ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत त्यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत पालापाचोळा, शेण आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पुढे जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत शहरातल्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून दाखवली. ते काम 1934 मध्ये प्रसिद्ध झालं. ढीग किती ओला ठेवायचा, कधी उलटायचा, हवा कशी खेळती ठेवायची, हे ढिगाशी राबणाऱ्याला कळलं नाही तर खत होत नाही, नुसती दुर्गंधी होते. म्हणजे इथे मजुराला कसब शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर देशभर सफाई कामगारांच्या स्थितीवर समित्या बसल्या, 1957 ची मलकानी समिती त्यातलीच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा मात्र 1993 मध्ये आला आणि 2013 मध्ये तो नव्याने करावा लागला. इतकी वर्षं कामगाराकडून अपेक्षा एकच: हजेरी लावा, झाडा आणि जा.

इंदूरच्या नगर निगमने, म्हणजे महापालिकेने, 2016 मध्ये घरोघरी कचरा गोळा करण्याचं काम एकेक वॉर्ड वाढवत वर्षभरात सगळ्या 85 वॉर्डांत नेलं. बायोमेट्रिक हजेरी आली, कामचुकारांवर कारवाई झाली. शिस्त लागलीच पाहिजे होती. पण हजेरीने माणूस रस्त्यावर येतो, ओला कचरा सुक्यापासून वेगळा होत नाही. त्यासाठी स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्या कचरागाडीबरोबर दारोदार फिरल्या.

गाडी दाराशी थांबते तेव्हा काय घडतं ते पाहा. ड्रायव्हर गाडी सांभाळतो, हेल्पर डबा उघडून बघतो. भाजीच्या देठांत प्लॅस्टिक दिसलं तर डबा परत करायचा, आणि तेही न भांडता, समजावून. हे बोलणं शिकावं लागतं. त्याने काणाडोळा केला तर ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरतात तिथे, दोन्ही कचरे मिसळतात आणि पुढे प्रकल्पातल्या माणसांचं काम अनेक पटींनी वाढतं. आणि घरमालकाने अरेरावी केली तर हेल्परच्या पाठीशी दरोग्याने, म्हणजे सफाईच्या मुकादमाने, उभं राहावं लागतं. या साखळीतला प्रत्येकजण पुढच्याचं काम ओळखतो, म्हणून 2022 मध्ये सुरू झालेल्या रोज 550 टन क्षमतेच्या बायो-सीएनजी प्रकल्पाला चालण्याजोगा ओला कचरा मिळतो.

केंद्र सरकारने 2020 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं. त्याचा लाभ टेबलाशी बसणाऱ्यांपर्यंत पोचेल, यात शंका नाही. तितकंच पद्धतशीर शिक्षण रोजंदारीवरच्या मस्टरकर्मींनाही मिळायला हवं, आणि शिकलेल्या माणसाला कायम नोकरीची हमीही. इतर शहरांतली पथकं इंदूर बघायला येतात, तेव्हा त्यांनी एक सकाळ हेल्परसोबत गाडीवर आणि एक तास दरोग्याच्या हजेरीच्या जागी जरूर काढावा.