पार्श्वभूमी: कमी खर्चाचा मराठी सिनेमा आणि लेखनाच्या टेबलापर्यंत न पोचलेला पैसा

गेल्या पन्नास वर्षांत मराठी चित्रपटाला सरकारकडून, वाहिन्यांकडून आणि आता ओटीटीकडून जो आधार मिळाला, तो जवळपास सगळा चित्रपट तयार झाल्यावर मिळाला. कथा हातात आहे, पटकथेचे खर्डे चालले आहेत, लोकेशन बघून यायचं आहे, त्या वर्ष-दोन वर्षांसाठी पैसे देणारं कोणी नसतं. स्वतंत्र, कमी खर्चाच्या चित्रपटाचे बरेचसे चढउतार इथूनच सुरू होतात.

अपवाद जुना आहे. साठच्या दशकात केंद्र सरकारने चित्रपटांना कर्ज देणारं महामंडळ काढलं, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिथे पटकथा वाचून नवख्या दिग्दर्शकांनाही पैसे मिळू लागले. पण ते कर्ज होतं, फेडायचं होतं, आणि अशा चित्रपटांना थिएटर मिळायची मारामार होती.

राज्यात खरा फरक पडला तो १९७५च्या करपरतावा योजनेने. निर्मात्याच्या पहिल्या चित्रपटातून जमा झालेला करमणूक कर त्याने दुसरा मराठी चित्रपट काढला की त्याला परत मिळणार, अशी ही योजना. बंद पडत चाललेला धंदा तिने उभा केला, हे मान्यच करायला हवं. पण कर तिकीटविक्रीवर ठरायचा. ज्याचा चित्रपट चालला त्याला भरघोस परतावा, ज्याचा पडला त्याला किरकोळ. शिवाय दुसरा चित्रपट काढल्याशिवाय पैसे सुटत नसल्याने तो घाईने उरकण्याकडे कल असायचा. पहिल्या यशाचाच साचा पुन्हा वापरला जाई, कारण नवा विषय घडवायला सवड नसे.

नव्वदच्या दशकात परताव्याच्या जागी ठरावीक रकमेचं अनुदान आलं. या बदलावरचा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्याचं मूळ शब्दांतच आहे. ‘परतावा’ म्हणजे प्रेक्षकाने भरलेले पैसे निर्मात्याकडे परत. त्यात सरकारची मर्जी नाही, विषयाची छाननी नाही. ‘अनुदान’ म्हणजे सरकारने गुण देऊन दिलेली मदत. नंतरच्या नियमांत समितीने चित्रपट पाहून १०० पैकी गुण द्यायचे, ७१ आणि त्यावर ‘अ’ दर्जा व ४० लाख, ५१ ते ७० ‘ब’ दर्जा व ३० लाख, अशी रचना झाली. बाजूने बोलणारे म्हणतात की गल्ल्यावर न चालणाऱ्या चांगल्या चित्रपटालाही यामुळे हात मिळाला. ते खरं आहे; एरवी बरेच पहिलटकर दिग्दर्शक उभेच राहिले नसते. विरोधकांचं म्हणणं असं की ‘हा विषय अनुदानात बसतो का?’ हा प्रश्न पटकथेच्या पहिल्या बैठकीतच येऊ लागला. तेही खरं आहे, आणि त्याची झळ लेखकालाच जास्त बसली.

हिशेब बघा. समजा चित्रपट ८० लाखांचा आहे आणि निर्मात्याने ४० लाख अनुदान गृहीत धरून तेवढे दरमहा २ टक्क्यांनी उचलले. व्याज महिन्याला ८० हजार. सेन्सॉर, परीक्षण, मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे यांत वर्ष गेलं तर ९ लाख ६० हजार व्याजातच जातात. वर दर्जा ‘ब’ मिळाला तर आणखी १० लाखांचं भगदाड. म्हणजे ३० लाखांतले हाती जेमतेम २० लाख राहतात. हे भगदाड बुजवायला काटछाट होते, आणि पहिली कात्री लागते ती अजून ज्याचे पैसे दिलेले नाहीत त्याला, म्हणजे पटकथाकाराला.

फिल्मवर चित्रीकरण होत होतं तोवर एक शिस्त मात्र आपोआप पाळली जायची. ३५ मिमीचा हजार फुटांचा डबा ११ मिनिटांत संपतो. दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट लागतात. एकास चार, म्हणजे चित्रपटातल्या एका मिनिटासाठी चार मिनिटं, या प्रमाणात शूट केलं तरी ४३हून जास्त डबे. ज्यांना तेही परवडत नसे ते स्वस्त, अरुंद १६ मिमी फिल्मवर शूट करून ते चित्र ३५वर मोठं करून घेत, म्हणजे ब्लो-अप करत. तिथे ४०० फुटांत तेवढीच ११ मिनिटं मिळत. कच्ची फिल्म मोजून आणलेली, म्हणून दिग्दर्शक लेखकाला घेऊन बसायचा आणि नको असलेले प्रसंग कागदावरच कापायचा. पटकथेवर कोणी पैसे खर्च करत नव्हतं, पण डब्याच्या किमतीमुळे तिच्यावर वेळ तरी खर्च व्हायचा.

२००४मध्ये एक कमी खर्चाचा मराठी चित्रपट ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला आणि हवा पालटली. २००७मध्ये फक्त मराठी चित्रपटांची वाहिनी आली. सॅटेलाइट हक्कांच्या, म्हणजे चित्रपट टीव्हीवर दाखवायच्या हक्कांच्या भरवशावर दरवर्षी नवे निर्माते उतरू लागले. पुढच्याच वर्षी मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवर एचडी व्हिडिओ घेणारा कॅनन ५डी मार्क टू हा डिजिटल कॅमेरा बाजारात आला आणि डब्यांचा खर्च संपला. सुरुवातीला तो सेकंदाला फक्त ३० फ्रेमवर चाले. २४ आणि २५ फ्रेम मार्च २०१०च्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने आल्या. मधल्या काळात ३० फ्रेमवर शूट केलेली दृश्यं थिएटरसाठी २४वर आणताना कॅमेरा फिरला की चित्र अडखळायचं. सवयीने शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ, १/६० सेकंदावर ठेवलं की ट्यूबलाइटखाली पट्टे यायचे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमला शटर १/५० सेकंदावर ठेवलं की ते जातात. या चुका लोक लवकर शिकले. मोठी चूक वेगळी होती. एकास चारचं प्रमाण एकास वीसवर गेलं. दोन तासांच्या चित्रपटाला ४० तासांचं फुटेज, ते नुसतं बघायलाच आठ-आठ तासांचे पाच दिवस. पटकथेतला जो घोळ लेखनाच्या टेबलावर सुटायचा तो एडिटवर ढकलला गेला, आणि तिथे हवा तो शॉटच मुळात घेतलेला नसतो.

लांबीचा गोंधळ यातलाच. ‘एक पान, एक मिनिट’ हा हिशेब परदेशी मांडणीचा आहे. डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत लिहिलेल्या मराठी पटकथेला तो लागू पडत नाही. ११० पानं म्हणून २५ दिवसांचं शेड्यूल लावलं तर रोज ४.४ मिनिटं काढायची. प्रत्यक्षात पटकथा १५० मिनिटांची निघाली तर रोज ६ मिनिटं. पहिला आठवडा निभतो, दुसऱ्यात उशीर साचतो आणि शेवटच्या चार दिवसांत क्लायमॅक्स गुंडाळला जातो. उपाय फुकटचा आहे: घड्याळ लावून सगळी पटकथा मोठ्याने वाचायची, हालचालींसकट. तीन बैठकांचं काम, पण ते कोणाच्याच बजेटमध्ये नसतं.

२००७पासून गोव्यात भरणारा फिल्म बाजार, म्हणजे निर्माते आणि गुंतवणूकदार यांना भेटवणारा चित्रपट-व्यवसायाचा मेळावा, आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या, लेखकांकडून पटकथा घडवून घेणाऱ्या पटकथा प्रयोगशाळा हा पटकथेच्याच टप्प्यावर मिळालेला मोठा आधार. मार्गदर्शक मिळतात, परदेशी निधीची दारं उघडतात, आणि त्यातून उत्तम मराठी चित्रपट आले आहेत. पण पटकथा इंग्रजीत द्यावी लागते. मालवणी किंवा वऱ्हाडी संवादांची सगळी धार भाषांतरात जाते, आणि इंग्रजीत सफाईने लिहिणारा पुढे सरकतो. ही अट शिथिल व्हायलाच हवी.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरला आणि मराठी चित्रपटाला करमाफीमुळे मिळणारं स्वस्त तिकीट गेलं. सॅटेलाइटचे भाव तोवर उतरले होते. पुढे ओटीटी आले. तेही तयार चित्रपटच बघतात, आणि सोबत हक्कांची सगळी कागदपत्रं मागतात. इथे टेबलावरची जुनी हयगय अंगाशी येते. कथेचे हक्क बहुधा शंभराच्या स्टँपपेपरवर ‘सर्व हक्क दिले’ एवढ्या एका ओळीत घेतलेले असतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं, आणि वेगळं काही नमूद नसेल तर वर्षभरात हक्क वापरला नाही की हस्तांतर संपुष्टात येतं. पटकथा घडायला तीन वर्षं लागलेल्या चित्रपटात कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच तो कागद निकालात निघालेला असू शकतो. मग निर्माता चित्रपट विकायच्या वेळी पुन्हा कथाकाराच्या दारात जातो, मुदत, प्रदेश आणि मोबदला लिहिलेला नवा करार घेऊन.