फळावरचं मेण: ते कसलं, आणि आम्ही का लावतो

आमच्या बेळगावच्या दुकानात लिंबू हातात घेऊन नखाने खरवडून बघणारे ग्राहक रोज भेटतात. नखाला पांढरट काहीतरी लागतं आणि चेहरा बदलतो. शंका रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

झाडावरून उतरवलेलं फळही श्वास घेत असतं. आतली साखर खर्च होते, सालीतून पाणी उडतं. चिकू सुरकुततो, लिंबू कडक होतं. सालीवर मुळात स्वतःचं मेण असतं, पण माती आणि फवारा काढायला फळ धुतलं की त्यातलं काही निघून जातं. ते आम्ही पातळ लेपाने परत देतो. पाणी कमी उडतं, हवा जरा कमी आत जाते, पिकणं लांबतं.

मेण कसलं, हे आधी विचारा. मधमाशीचं, लाखेचं आणि कार्नौबा मेण ताज्या फळांना लावायला अन्नसुरक्षा नियमांत परवानगी आहे, मात्र लेबलवर तसं लिहावं लागतं. लाख किड्यापासून मिळते. कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या कायटोसानचेही लेप असतात. चिकोडी-अथणीकडचे आमचे कितीतरी ग्राहक जैन आहेत; त्यांच्याकडे मधसुद्धा चालत नाही. म्हणून आम्ही कार्नौबाच घेतो. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते येतं.

सुरुवातीला आमची एक चूक झाली. पेरूवर थर जाड बसला. वरून पेरू आरशासारखा, पण चौथ्या दिवशी कापला तर दारूसारखा आंबूस वास! हवा फार कोंडली की फळ आतल्या आत आंबतं. अख्खी पेटी टाकून दिली. चोर्ला घाटाने गोव्याला माल नेणारे व्यापारी अजून जास्त चकाकी मागतात. त्यांना आम्ही नाहीच म्हणतो.

मार लागलेलं फळ लेपाखालीही सडतं, त्यामुळे निवड हातानेच होते. द्राक्षांना आम्ही काही लावत नाही. मण्यावरची पांढुरकी झाक हे त्याचं स्वतःचं मेण, तिला बोटही लावू नये.

घरी फळ कोमट पाण्यात चोळून धुवा. साबण नको. थोडं मेण पोटात गेलं तरी घाबरू नका, ते बहुतेक न पचताच बाहेर पडतं. लोणच्याला लिंबू सालीसकट जातं, तेव्हा बिनलेपाची लिंबं मागून घ्या. ती वेगळ्या बुट्टीत ठेवलेली असतात.