बॅटरी थंडीने मरते का?

नागपुरात डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू झाली नाही की ‘थंडीने बॅटरी गेली’ असे म्हटले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट झालेले इंजिन ऑइल स्टार्टरवर अधिक भार टाकते. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बॉनेटखालच्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते, प्लेटा झिजतात, आणि ती हानी हिवाळ्यात केवळ उघडी पडते.

शिवाय वारंवार उतरणारी बॅटरी स्वतः दोषी असतेच असे नाही, आणि न तपासता ती बदलणे मला अन्यायाचे वाटते. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत, इंजिन चालू असताना साधारणतः १३.८ ते १४.५; ते वाढत नसल्यास आधी अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) व त्याचा पट्टा पाहावा. दोन्ही ठीक असूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर गाडी बंद करून, अर्धा तास थांबून, बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवून टोक आणि वायर यांच्यामध्ये प्रवाह मोजण्यासाठी मल्टिमीटर (विद्युत मापक) जोडावा. ५० मिलिअँपिअरहून बराच अधिक प्रवाह आढळल्यास एकेक फ्यूज काढून कोणता काढल्यावर प्रवाह घटतो ते पाहावे, कारण डिकीतला न विझणारा दिवा किंवा मागाहून बसवलेला अलार्म नवी बॅटरीही तशीच रिकामी करतो.