वानप्रस्थाश्रम

वैदिक परंपरेतील चार आश्रमांपैकी तिसरा आश्रम. गृहस्थाश्रमातील कर्तव्ये पार पडल्यावर माणसाने घर, मालमत्ता आणि कुटुंबावरील अधिकार पुढच्या पिढीकडे सोपवावेत, वनात राहून तप व स्वाध्याय करावा आणि संन्यासासाठी मनाची तयारी करावी, अशी ही कल्पना आहे. उत्तरायुष्याला स्वतंत्र प्रयोजन असते, हे गृहीत धरून त्याचे नियम घालून देण्याचा हा भारतातील एक प्राचीन प्रयत्न होय.

या आश्रमाचे विस्तृत वर्णन मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात येते. प्रवेशाचे वय तेथे सांगितलेले नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाचा आश्रय घ्यावा, एवढेच म्हटले आहे. पन्नाशीनंतर वानप्रस्थ हा रूढ हिशेब आयुष्य शंभर वर्षांचे मानून त्याचे चार समान भाग पाडल्याने आला. वनात जाणाऱ्याने अग्निहोत्राचा अग्नी बरोबर न्यायचा असतो. पंचमहायज्ञ, म्हणजे देव, ऋषी, पितर, माणसे व इतर प्राणी यांच्यासाठी रोज करायची पाच कर्तव्ये, सुटत नाहीत आणि दारी आलेल्या अतिथीला जवळचे कंदमूळ का होईना द्यावेच लागते. म्हणजे कर्तव्ये बरीचशी कायम राहतात, सुटतो तो अधिकार आणि संचय. नांगरलेल्या जमिनीत पिकलेले धान्य कोणी टाकून दिलेले असले तरी खायचे नाही. साठवलेले मुनिअन्न (वनात आपोआप उगवलेले धान्य) आणि जुनी वस्त्रे दर आश्विन महिन्यात टाकून द्यायची. ग्रीष्मात पंचाग्नी (चारही बाजूंना अग्नी व डोक्यावर सूर्य), पावसाळ्यात उघड्यावर वास आणि हेमंतात ओली वस्त्रे असे तप क्रमाक्रमाने वाढवत नेऊन अखेर अग्नीही स्वतःच्या ठायी सामावून घ्यायचा व उपनिषदांचे अध्ययन करत राहायचे, असा हा क्रम आहे. वानप्रस्थाला सरसकट निवृत्ती म्हणणे त्यामुळे फारसे बरोबर नाही.

आश्रमांचा हा क्रम पहिल्यापासून ठरलेला नव्हता. जुन्या धर्मसूत्रांत, म्हणजे मनुस्मृतीपूर्वीच्या आचारनियमांच्या ग्रंथांत, आश्रम हे एकामागून एक चढायच्या पायऱ्या म्हणून नव्हे, तर निवडीचे पर्याय म्हणून येतात आणि गौतम धर्मसूत्रात तर गृहस्थाश्रम हाच खरा आश्रम असल्याचे मत नोंदवले आहे. मनुस्मृतीने क्रम पक्का केला आणि ऋषिऋण, देवऋण व पितृऋण अनुक्रमे अध्ययन, यज्ञ व संतती यांनी फेडल्याशिवाय मोक्षाच्या मागे लागणाऱ्याचा अधःपात होतो, असे बजावले. याउलट, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे, असे जाबालोपनिषद सांगते. अध्यात्म हे म्हातारपणी करायचे काम आहे काय, हा वाद इतका जुना आहे.

वानप्रस्थाचे सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात आढळते. युद्धानंतर पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या आश्रयाला राहिलेला धृतराष्ट्र भीमाच्या टोचून बोलण्याने विटतो आणि गांधारी, विदुर व संजय यांच्यासह वनात जातो. कुंतीही मुलांच्या विनवण्यांना न जुमानता त्यांच्याबरोबर निघते. पुढे धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वणव्यात जळून मरतात. शांत, तृप्त वार्धक्याचा येथे मागमूस नाही. अपराधाचे ओझे आणि पुत्रशोक घेऊनच ही माणसे तपाला बसलेली दिसतात. कुंतीचा निर्णय तिचा स्वतःचा आहे, हे विशेष. कारण स्मृतीने पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा सोबत न्यावे, असा पर्याय पतीला दिला, तिला नव्हे. शूद्रांना तर गृहस्थाश्रमापलीकडचा मार्गच शास्त्राने मोकळा ठेवला नव्हता.

मध्ययुगापर्यंत ही प्रथा बहुधा ग्रंथांपुरतीच उरली असावी. बृहन्नारदीय पुराणात कलियुगात वर्ज्य असलेल्या गोष्टींमध्ये वानप्रस्थाची गणना केली आहे. महाराष्ट्रात तिची जागा भक्तिमार्गाने घेतली, आणि तीही वयाची व जातीची अट न घालता. ‘असोनि संसारीं जिव्हे वेगु करी’ असे सांगणाऱ्या हरिपाठाला वनाची गरज नव्हती. रामदासांनी दासबोधात आधी प्रपंच नेटका करायला सांगितले, पण त्यानंतरच्या परमार्थविवेकासाठी घर सोडण्याची अट घातली नाही. घरात राहूनच कारभार सुनेच्या हाती देणे, पारायणे, एकादशी, चातुर्मासातील नेम आणि पंढरीची वारी यांत मराठी वार्धक्य स्थिरावले. वयाची ८० वर्षे उलटून काही महिने झाल्यावर होणारा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा मात्र दीर्घायुष्याचा गौरव आहे, वैराग्याचा नव्हे.

आधुनिक काळात वानप्रस्थाचा अर्थ समाजसेवेकडे वळला. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत १९१६ साली जन्मलेले जनसंघाचे नेते नानाजी देशमुख यांनी साठी ओलांडल्यावर सत्तेच्या राजकारणातून निवृत्ती घेतली आणि पुढे चित्रकूटला राहून ग्रामविकासाचे काम केले. २०१० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. मात्र सर्वस्व मुलांच्या नावावर करून मोकळे होण्याच्या जुन्या आदर्शाला आता कायद्याने सावधगिरीची जोड दिली आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकाच्या अर्जावरून न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.