जनावरांचा ताण आणि वनस्पतींचे अर्क : देण्यापूर्वी वाचावे

दरवर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या नाशिकमधील सातपूरच्या विक्री-खिडकीवर एकच तक्रार ऐकू येते : कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही, उद्या फटाके वाजतील, आजच काहीतरी द्या. अशा वेळी आम्ही अर्काची बाटली विकत नाही. त्याचे कारण ग्राहकांना कळावे म्हणून हे पत्रक.

जनावर घाबरले की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश पाठवते, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. प्रसंग टळल्यावर हेच कॉर्टिसॉल मेंदूला थांबण्याची सूचना देते व पातळी उतरते. ताण आठवडेच्या आठवडे चालू राहिला, तर मात्र हा लगाम सैल पडतो आणि आठवणींशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील मज्जापेशींच्या शाखा आखडू लागतात. पंजा चाटून जखम करणे, शिकवलेले विसरून घरातच लघवी करणे, दाराची चौकट ओरबाडणे या खोडी नसून बऱ्याचदा याच बिघाडाच्या खुणा असतात. गाय पान्हा चोरते, तेव्हाही भीतीमुळे वाढलेले ॲड्रेनालिन हे दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या आड येत असते. तिला मारून दूध उतरत नाही, ते याचमुळे.

अश्वगंधेच्या मुळाचा अर्क या बाबतीत पुष्कळ अभ्यासला गेला आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना २१ दिवस रोज, पण अनियमित वेळी, सौम्य विजेचे झटके दिले होते. ज्यांना आधी अश्वगंधा मिळाली, त्यांच्यात जठरातील व्रण, वाढलेली रक्तशर्करा, स्मृतीतील घट आणि मरगळ ही लक्षणे कमी आढळली. ब्राह्मीतील बॅकोसाइड या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झाले आहे. तरीही उंदरांवरील मात्रा वजनाच्या पटीत वाढवून कुत्र्याला किंवा म्हशीला द्यायची नसते, आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष म्हणजे गोठ्यातील हमी नव्हे, हे आम्ही विक्रेते असूनही स्पष्ट सांगतो.

ब्राह्मी या नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती मिळतात : ओलसर जागी पसरणारी बाकोपा मोनिएरी आणि गोल पानांची मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. आमच्याकडेही एकदा एका व्यापाऱ्याकडून पहिलीच्या नावाने दुसरी आली होती; तेव्हापासून आम्ही वाळलेला माल अखंड पाहिल्याशिवाय दळत नाही. अश्वगंधेच्या लेबलवर ‘दहास एक अर्क’ असे छापलेले असले, तर दहा किलो मुळांपासून एक किलो अर्क निघाला एवढेच त्यावरून कळते. त्यात विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतील मुख्य क्रियाशील घटक, किती टक्के आहेत, ते वेगळे विचारावे लागते. जटामांसी आम्ही वापरत नाही. हिमालयातील ही वनस्पती मुळासकट उपटली जाते आणि तिचे अस्तित्वच धोक्यात आले आहे.

घरातील माणसांसाठी आणलेले अश्वगंधारिष्ट प्राण्यांना देऊ नये, कारण आसव-अरिष्टात मद्यार्क तयार झालेला असतो. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले सिरप कुत्र्याला प्राणघातक ठरू शकते. मांजराचे यकृत अनेक पदार्थ सावकाश निकामी करते, म्हणून कुत्र्याची मात्रा निम्मी करून मांजराला देणे हा उपाय नव्हे. गाभण जनावर, थायरॉइडचा विकार, अपस्माराची किंवा गुंगीची चालू औषधे यांपैकी काही असल्यास पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय अर्क सुरू करू नये. स्वभाव अचानक बदलला असेल, तर आधी दुखणे शोधावे. कानाच्या किंवा सांध्याच्या वेदनेनेही शांत कुत्रा चावतो.

अर्कासोबत कारणही दूर करावे लागते. नाशिक ढोल हा आपला अभिमान खरा, परंतु माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून मिरवणुकीच्या दिवशी त्याला रस्त्यापासून आतल्या खोलीत, पडदे ओढून, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावे. चैत्र-वैशाखात गोठ्यात सावली व पाणी कमी पडत असेल, तर कोणतीही बाटली त्याची भरपाई करणार नाही.

आमचा अर्क गुंगी आणण्यासाठी नाही. तो रोज ठरल्या वेळी, निदान तीन आठवडे द्यावा लागतो. त्यामुळे दिवाळीसाठी हवा असल्यास दसऱ्यापूर्वी यावे, आणि येताना जनावराचे वजन, वय, चालू औषधे व गेल्या आठवड्यातील वागणुकीची रोजची नोंद आणावी.